परळच्या प्रयोगशाळेतील सेनानी : सर साहिबसिंग सोखी

गिरण्या म्हटल्या की लालबाग-परळ आठवते. औषधांचे कारखाने म्हटले की मात्र मुंबईच्या उपनगरांचीच नावे ओठांवर येतात. गोरेगावला सीबा कंपनीचे संशोधन केंद्र, जोगेश्वरीला युनिकेम, विक्रोळीला सिप्ला, मुलुंडला हेक्स्ट. या कारखान्यांच्या पॅकिंग खात्यापासून प्रयोगशाळेपर्यंत निरनिराळ्या पायऱ्यांवर राबलेल्या आईवडिलांची मुले आपल्या शाळेत वाढली आणि त्यांपैकी काही पुढे रसायनशास्त्राची पदवी घेऊन त्याच कारखान्यांच्या दारांतून आत गेली. म्हणून या स्मरणिकेत एखाद्या शास्त्रज्ञाचे चरित्र द्यावे असे ठरले, तेव्हा आम्हांस ज्या पुरुषाची आठवण झाली तो उपनगरांतला नव्हता, मराठीही नव्हता. पंजाबात जन्मलेल्या आणि लष्करी गणवेश ल्यालेल्या या माणसाने आपल्या आयुष्याची ऐन कर्तृत्वाची वर्षे परळच्या एका जुन्या वाड्यात, उंदीर, परीक्षानळ्या आणि हिशेबाच्या वह्या यांच्या सोबतीने घालविली. मेजर जनरल सर साहिबसिंग सोखी हे त्यांचे नाव. परळची हाफकिन संस्था सर्वांना ठाऊक आहे आणि ज्यांचे नाव तिला दिले त्या हाफकिन यांचेही चरित्र पुष्कळांनी लिहिले आहे. त्या संस्थेचे पहिले भारतीय संचालक मात्र आज विस्मृतीत जात चालले आहेत.

सोखी यांचे काम समजून घ्यावयाचे तर प्रथम प्लेग समजून घेतला पाहिजे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला आणि काही महिन्यांतच मुंबई अर्धी रिकामी झाली. माणसे बोचकी बांधून गावाकडे निघाली. काहींनी साष्टीच्या वाड्यावस्त्यांचा आसरा घेतला आणि रोगही त्यांच्या मागोमाग तेथे पोहोचला. प्रथम कडकडून ताप भरे, मग जांघेत किंवा काखेत गाठ येई, आणि पुष्कळदा चारपाच दिवसांत सारे संपे. घरे धुऊन काढणे, सामान जाळणे, रोग्याला उचलून छावणीत नेणे हे सरकारचे उपाय होते. या उपायांनी लोक रोगाइतकेच सरकारालाही भ्याले आणि पुण्यात त्याचे पर्यवसान कशात झाले हे इतिहासात नमूद आहे.

त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाड घराण्यातल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः दवाखान्यात आणले. त्या शुश्रूषेत त्यांनाच रोगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. ही हकीकत आपल्या समाजात घरोघर सांगितली जाते. तिच्यातील एका गोष्टीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो दवाखाना चालविणारे यशवंतराव शिकलेले डॉक्टर होते, माया होती, सेवा होती, धैर्य तर अपार होते. परंतु रोग्याला द्यावयाला त्यांच्याजवळ औषध नव्हते. ते जगात कोणाजवळच नव्हते.

वॉल्डेमार हाफकिन यांनी त्याच सुमारास मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे १८९९ च्या ऑगस्टमध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नरवाड्यात आली. हा वाडा मुळात ख्रिस्ती धर्मगुरूंचा मठ होता, नंतर गव्हर्नरसाहेबांचे निवासस्थान झाला आणि एका गव्हर्नरांच्या पत्नी तेथे पटकीने वारल्यानंतर साहेबांनी मलबार टेकडीचा आश्रय घेतला. जो वाडा साथीच्या भीतीने मोकळा झाला तेथेच साथींशी झुंजणारी प्रयोगशाळा नांदू लागली. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. परंतु लस ही रोग होण्यापूर्वीची ढाल आहे. ज्याला ताप भरला, ज्याच्या जांघेत गाठ उठली, त्याला लशीचा उपयोग नाही. त्याला औषध हवे. हाफकिन यांच्या लशीनंतरही सुमारे चाळीस वर्षे ते सापडले नव्हते. त्या अवधीत आणि नंतरच्या काही वर्षांत मिळून या देशात प्लेगाने सव्वा कोटीच्या आसपास माणसे नेली.

साहिबसिंग सोखी यांचा जन्म १५ डिसेंबर १८८७ रोजी अमृतसर येथे झाला. पंजाबात शिक्षण घेऊन ते वैद्यक शिकण्यासाठी एडिंबरोला गेले आणि १९१३ च्या सुमारास इंडियन मेडिकल सर्व्हिस या लष्करी वैद्यकीय सेवेत दाखल झाले. ही सेवा म्हणजे तेव्हा गोऱ्या डॉक्टरांचे राखीव कुरण होते. भारतीयांनी तेथे शिरावे, पण वरच्या खुर्चीकडे पाहू नये, असा अलिखित दंडक होता. पहिले महायुद्ध त्यांनी लष्करात काढले. त्यानंतर रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या शिष्यवृत्तीवर परदेशांतील प्रयोगशाळांत त्यांनी जीवरसायनशास्त्राचा अभ्यास केला आणि १९२५ मध्ये ते हाफकिन संस्थेत जीवरसायन विभागाचे प्रमुख म्हणून आले. सात वर्षांनी, १९३२ मध्ये, ते संचालक झाले आणि १९४९ पर्यंत त्या पदावर राहिले. त्या सतरा वर्षांत एक संचालक म्हणून त्यांनी काय केले याची नुसती जंत्री द्यावयाची तरी बरीच पाने खर्ची पडतील. आम्ही येथे दोनच गोष्टींवर थांबणार आहोत.

पहिली गोष्ट लशीची. लस बनते हे खरे, पण या बाटलीतील लस चांगली की त्या बाटलीतील, हे ओळखावयाचे कसे? १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल या गावी प्लेगची लस टोचलेल्यांपैकी एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली होती. दोष कोणाचा यावर वर्षानुवर्षे वाद चालला आणि निर्दोष ठरेपर्यंत हाफकिन यांची उमेदीची वर्षे करपून गेली. संस्थेच्या स्मृतीत ती जखम होतीच. सोखी यांनी प्लेगच्या जंतूंची पद्धतशीर मोजदाद केली, ते कोणत्या खाद्यावर व किती उष्णतेवर उत्तम वाढतात हे तपासले, मांसाच्या काढ्याऐवजी दुधातील केसिनापासून बनविलेले खाद्य वापरात आणले, आणि लशीचे बळ पांढऱ्या उंदरांवर अजमावण्याची पद्धत बसविली. लस दिलेले उंदीर आणि न दिलेले उंदीर यांना सारख्याच मापाने रोगाचे जंतू टोचावयाचे आणि कोणते किती वाचतात ते मोजावयाचे. ऐकावयास सोपी असलेली ही पद्धत बसविण्यासाठी वर्षे लागली, कारण उंदीर एकाच जातीचे, एकाच वजनाचे हवेत आणि जंतूंचे माप रेसभरही चुकता कामा नये. त्या मुक्या जिवांच्या मरणाचा हिशेब आम्हांस वाचताना जड जातो, हे येथे नमूद करून पुढे जातो. पुढे औषधाचा शोध लागला तो याच उंदरांच्या पिंजऱ्यांपाशी.

ही दुसरी गोष्ट. तिच्यासाठी थोडे जर्मनीत जावे लागेल. १९३५ मध्ये गेरहार्ड डोमाक या शास्त्रज्ञाने प्रॉन्टोसिल नावाचा एक लाल रंग जाहीर केला. कापड रंगविण्याच्या रंगांच्या कुळातला हा पदार्थ उंदरांच्या शरीरातील घातक जंतूंचा नायनाट करीत होता. डोमाक यांच्या स्वतःच्या लहान मुलीच्या हातात सुई घुसून विष चढले, तेव्हा तिचा हात व जीव याच औषधाने वाचला. गंमत अशी की काचेच्या नळीत हा रंग जंतूंना काहीच करीत नसे. शरीरात गेल्यावरच तो काम करी. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी या कोड्याची उकल केली. शरीरात त्या रंगाचे दोन तुकडे होतात आणि त्यांपैकी सल्फानिलामाइड नावाचा साधा, बिनरंगी तुकडाच खरे औषध आहे, असे त्यांनी दाखविले. हा तुकडा पॉल गेल्मो या व्हिएन्नाच्या विद्यार्थ्याने १९०८ मध्येच आपल्या प्रबंधासाठी तयार केला होता आणि त्याचे पेटंट केव्हाच संपले होते. म्हणजे ज्या औषधाच्या जोरावर एक बलाढ्य कंपनी जगाची बाजारपेठ जिंकावयास निघाली होती, ते औषध कोणीही, कोठेही, स्वस्तात तयार करू शकत होते. रसायनशास्त्राच्या इतिहासातील हा एक छोटासा अपघात. पण सोखी यांच्या पुढील आयुष्याची दिशा पाहता, त्यातील अर्थ त्यांच्या मनावर खोल ठसला असावा असे आम्हांस वाटते.

सल्फा औषध जंतूंना मारते कसे, तेही १९४० मध्ये उलगडले. जंतूला वाढण्यासाठी फोलिक आम्ल लागते आणि ते तो एका विशिष्ट कच्च्या मालापासून स्वतः बनवितो. सल्फाच्या रेणूची ठेवण त्या कच्च्या मालाशी इतकी मिळतीजुळती असते की जंतू फसतो. खरा माल समजून तो सल्फा उचलतो आणि त्याचा कारखानाच बंद पडतो. माणसाला फोलिक आम्ल पालेभाजी-डाळींतून आयते मिळते, म्हणून माणसाचे त्यावाचून अडत नाही. कुलपात तंतोतंत बसणारी पण न फिरणारी किल्ली घालून ठेवावी, असा हा प्रकार. औषधी रसायनशास्त्र म्हणजे अशा किल्ल्या घडविण्याचे शास्त्र. मूळ रेणूच्या एका टोकाला निरनिराळे तुकडे जोडून पाहावयाचे आणि कोणती किल्ली कोणत्या जंतूच्या कुलपाला बसते ते पारखावयाचे. एका टोकाला पिरिडीन जोडले तेव्हा सल्फापिरिडीन झाले आणि १९३८ पासून न्यूमोनियाचे रोगी वाचू लागले. थायाझोल जोडले तेव्हा सल्फाथायाझोल झाले.

सोखी यांनी ओळखले की हा खेळ मुंबईतही खेळता येईल. हाफकिन संस्थेत त्यांनी रसायनचिकित्सेचे काम उभे केले. के. गणपती, म. वि. शिरसाट, सी. व्ही. देलीवाला अशा रसायनज्ञांनी सल्फा कुळातील संयुगे प्रयोगशाळेत तयार करण्यास आरंभ केला. औषधाचा शरीरावरील परिणाम पाहण्याचे काम भालचंद्र बाबाजी दीक्षित यांच्याकडे होते. हेच दीक्षित पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. म्हणजे काही जण रेणू घडवीत होते, काही जण तो जिवंत शरीरात काय करतो ते पाहत होते, आणि काही जण रोग्याच्या खाटेपाशी उभे होते, आणि हे सारे एकाच आवारातील शास्त्रज्ञांच्या हातून घडत होते. आज ही गोष्ट सामान्य वाटते. १९३८-३९ च्या हिंदुस्थानात ती सामान्य नव्हती.

प्लेगची बाधा केलेल्या उंदरांना सल्फापिरिडीन व सल्फाथायाझोल देऊन पाहण्यात आले. औषध न दिलेले उंदीर मेले आणि औषध दिलेल्यांपैकी पुष्कळ वाचले. सल्फाथायाझोल अधिक गुणकारी ठरले. सोखी व दीक्षित यांनी ही वार्ता १९४० मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकाद्वारे जगापुढे मांडली. मग पी. एम. वागळे यांच्यासह प्रत्यक्ष रोग्यांवर उपचार करून, पूर्वीच्या प्लेगविरोधी रक्तद्रवाशी या औषधांची तुलना केली गेली आणि तिचे निष्कर्ष १९४१ मध्ये ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये प्रसिद्ध झाले. गाठीच्या प्लेगातून औषधाच्या गोळीने माणूस उठून बसू शकतो, हे आता मुंबईच्या संशोधनाने दाखविले होते. सावित्रीबाईंच्या मृत्यूला तेव्हा चव्वेचाळीस वर्षे झाली होती.

या यशाला मर्यादाही होत्या आणि त्या झाकण्याचे कारण नाही. प्लेग फुफ्फुसात उतरला म्हणजे सल्फाचे फारसे चालत नसे. त्या रोग्यांना आशा मिळाली ती स्ट्रेप्टोमायसिन आल्यावर. शिवाय सल्फाथायाझोल घेताना पाणी भरपूर प्यावे लागे, नाही तर मूत्रपिंडात त्याचे खडे जमत. ज्या गावात उन्हाळ्यात दोन कोसांवरून घागर आणावी लागते, आणि जेथे काही जणांना सार्वजनिक विहिरीला शिवण्याचीही मुभा नाही, तेथील रोग्याला भरपूर पाणी प्या असे सांगणे डॉक्टरला किती अवघड गेले असेल, याचा विचार मनात येतो. औषध रेणूने घडते, पण ते रोग्याच्या पोटात जाऊन गुण देईपर्यंत मध्ये साऱ्या समाजाची वाट असते. सोखी यांनी आयुष्याची पुढली तीस वर्षे याच वाटेवर खर्च केली.

त्याआधी त्यांच्या घरात डोकावणे भाग आहे, कारण ते घर सामान्य नव्हते. त्यांच्या पत्नी लीला या मूळच्या बंगालच्या रॉय घराण्यातील. मेनका या नावाने त्या नृत्याच्या जगात विख्यात झाल्या. कथ्थक हे नाच तेव्हा सभ्य घरांनी तोंडही काढू नये असे समजले जात असताना, त्यांनी ते रंगमंचावर आणले आणि १९३६ च्या बर्लिन येथील नृत्यस्पर्धेत आपल्या संचासह पारितोषिके मिळविली. खंडाळ्याला त्यांनी नृत्यालयम् ही निवासी नृत्यशाळा उघडली. विद्यार्थी व गुरू एकाच आवारात राहत, जेवत, शिकत. निवासी शिक्षणाचा हा प्रकार आपल्या वाचकांना नवा नाही. मुंबईची दमयंती जोशी ही अगदी लहान वयात त्यांच्या संचात आली. सोखी दांपत्याने तिला पोटच्या मुलीसारखे वाढविले, तिच्या आईलाही आपल्याकडे ठेवून घेतले आणि नाचाबरोबर मुलीच्या शाळेचीही व्यवस्था लावून दिली. ती पुढे कथ्थकची थोर नर्तकी झाली आणि १९७० मध्ये पद्मश्री ठरली. मेनकाबाई मात्र १९४७ मध्ये, पन्नाशीही गाठण्यापूर्वी, निवर्तल्या. शिस्तीचा हा लष्करी डॉक्टर दिवसा उंदरांच्या पिंजऱ्यांचे हिशेब तपासी आणि घरी येई तेव्हा तबल्याचे बोल आणि घुंगरांचा आवाज त्याच्या स्वागताला असे.

१९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना राष्ट्रीय नियोजन समिती नेमली गेली. जवाहरलाल नेहरू तिचे अध्यक्ष होते. राष्ट्राच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या उपसमितीचे अध्यक्षपद कर्नल सोखी यांना मिळाले. ब्रिटिश सरकारचा गणवेश अंगावर असलेला अधिकारी स्वतंत्र हिंदुस्थानच्या आरोग्याचा आराखडा आखीत होता, हे दृश्य मोठे बोलके आहे. या उपसमितीने दर हजार माणसांमागे एक प्रशिक्षित आरोग्यसेवक असावा असे सुचविले. हा सेवक गावातलाच असावा, साधा उपचार व स्वच्छता शिकलेला असावा, अशी ती कल्पना होती. औषधांचे उत्पादन नफ्याच्या धंद्यावर सोडू नये आणि परदेशी कंपन्यांच्या पेटंटांपायी देशातील माणसाने औषधाला मुकू नये, हाही त्या विचाराचा भाग होता. अहवाल ग्रंथरूपाने १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो पुष्कळांनी वाचला आणि बऱ्याच अंशी बासनात बांधून ठेवला.

सोखी यांनी मात्र तो बासनात ठेवला नाही. १९४९ मध्ये हाफकिन संस्था सोडल्यावर ते जिनिव्हास जागतिक आरोग्य संघटनेत सहायक महासंचालक म्हणून गेले. तेव्हा पेनिसिलिन ही जगातील सर्वांत हवीशी वस्तू होती आणि ते मोजक्या देशांतच तयार होत असे. भारतात ते बोटीने येई आणि त्याची किंमत ठरविण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती असे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे सरकारी कारखाना काढावा, या योजनेमागे सोखी यांचा मोठा आग्रह होता. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढल्याच वर्षी पेनिसिलिनच्या बाटल्या बाहेर पडू लागल्या. नुसता कारखाना काढून तेथले लोक थांबले नाहीत. मातीतील सूक्ष्मजीव तपासून नवी औषधे शोधणारी प्रयोगशाळाही पिंपरीला उभी राहिली आणि थिरुमलाचार यांनी तेथे हॅमायसिन हे बुरशीजन्य रोगांवरचे औषध शोधून काढले. देशी भूमीत जन्मलेले ते पहिले प्रतिजैविक म्हणून ओळखले जाते.

१९५२ ते १९५६ या काळात सोखी राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून राज्यसभेत होते. जागतिक शांततेच्या चळवळीतही त्यांनी भाग घेतला आणि १९५३ चे सोव्हिएत संघाचे शांतता पारितोषिक त्यांना लाभले. सोव्हिएत तंत्रज्ञ भारतात औषध कारखाने उभारून द्यावयास तयार आहेत, ही संधी देशाने दवडू नये, असे त्यांचे मत होते. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स या सरकारी कंपनीचे कारखाने पुढे ऋषिकेश व हैदराबाद येथे सोव्हिएत साहाय्याने उभे राहिले. येथे आम्हांस आमचे मत नोंदविले पाहिजे. सोव्हिएत पद्धतीवर सोखी यांनी जो विश्वास टाकला तो आज भाबडा वाटतो आणि ज्या सरकारी कारखान्यांवर त्यांनी आशा ठेवली ते पुढील काळात आजारी पडले. पिंपरीच्या ज्या कारखान्याने एके काळी देशाला पेनिसिलिन पुरविले त्याच्या कामगारांना पगारासाठी आंदोलने करावी लागली. परंतु सोखी यांनी विचारलेला प्रश्न त्यामुळे खोटा ठरत नाही. औषधाचा रेणू सापडला, तो तयार करण्याची रीत सापडली, तरी ती रीत वापरण्याचा हक्क कोणाला, हा तो प्रश्न होता.

याचे उत्तर उपनगरांतच शोधले जात होते. १९६३ मध्ये नेहरूंच्या हस्ते गोरेगावला सीबा संशोधन केंद्राचे उद्घाटन झाले. टी. आर. गोविंदाचारी यांच्यासारखा थोर रसायनज्ञ त्याचा प्रमुख होता आणि पुढे आमांशावरील सॅट्रानिडाझोल हे औषध तेथेच घडले. हा बहुराष्ट्रीय कंपनीचा मार्ग होता. पैसा त्यांचा, बुद्धी आपली आणि मालकी त्यांची. दुसऱ्या मार्गावर काय घडते तेही लवकरच दिसले. हाफकिन संस्थेतील रसायनज्ञांनी मधुमेहावरील टॉल्ब्युटामाइड हे औषध तयार करण्याची आपली स्वतंत्र रीत बसविली आणि युनिकेम कंपनी त्या रीतीने औषध बनवू लागली. हेक्स्टने आपल्या पेटंटाचा भंग झाला म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा गुदरला आणि १९६८ मध्ये निकाल हेक्स्टच्या बाजूने लागला. ज्या संस्थेला सोखी यांनी नवी रीत शोधण्याची सवय लावली, तिची रीत कायद्यापुढे हरली. औषध मधुमेहाचे होते, पण उद्या ते क्षयाचे किंवा विषमज्वराचे असते तरी निकाल वेगळा लागला नसता. कायदा १९११ सालचा, ब्रिटिशांनी केलेला होता, आणि न्यायाधीशाने त्याप्रमाणेच न्याय द्यावयाचा असतो.

तेव्हा कायदाच बदलणे भाग होते. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्येच तसा सविस्तर अहवाल दिला होता आणि त्यावर संसदेत व संसदेबाहेर दशकभर रणे माजली. सोखी आता ऐंशीच्या घरात होते. औषधांच्या किमती आणि पेटंट हा त्यांचा अखेरपर्यंतचा विषय राहिला. अखेर १९७० मध्ये नवा पेटंट कायदा संमत झाला. औषधाच्या रेणूवर मालकी सांगता येणार नाही, फक्त तो बनविण्याच्या रीतीवर, आणि तीही पाच ते सात वर्षांपुरतीच सांगता येईल, असे त्याने ठरविले. आता दुसरी रीत शोधून काढणाऱ्या रसायनज्ञाला आपले औषध विकता येणार होते. विक्रोळी-जोगेश्वरीच्या कारखान्यांत, आणि पुढे त्यांच्याही पलीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात, प्रतिजैविके व क्षयाची औषधे स्वस्तात बनविण्याची जी लाट आली तिची दारे या कायद्याने उघडली. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगाची शंका आली, तेव्हा सरकारी यंत्रणेला टेट्रासायक्लिन घेऊन गावात जाता आले आणि लोकांना घरोघर गोळ्या वाटता आल्या. सावित्रीबाईंच्या दवाखान्यात जे नव्हते ते मामल्याच्या वस्तीत पिशवीतून पोहोचले होते.

सोखी यांना हे पाहावयास मिळाले नाही. १९७१ च्या ऑक्टोबरात, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कायदा कागदावर आला होता, पण त्याची अंमलबजावणी व्हावयाची होती. ती २० एप्रिल १९७२ रोजी, त्यांच्या पश्चात सहा महिन्यांनी, सुरू झाली.